बॅजवर १४.२, पांढऱ्या पेशी २,९००

ऑगस्ट संपता संपता कॅथलॅबच्या (एक्स-रेखाली हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासायची खोली) टेक्निशियनने दोन कागद माझ्या टेबलावर ठेवले. एक टीएलडी बॅजचा, म्हणजे अंगावर लावून किरणांचा डोस मोजणाऱ्या बिल्ल्याचा, एप्रिल ते जूनचा रिपोर्ट, १४.२ मिलीसिव्हर्ट. दुसरा सकाळचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, पांढऱ्या पेशी २,९००, प्लेटलेट ८६,०००. "सर, रेडिएशनने इम्युनिटी गेली ना माझी?" एरवी त्याच्या नावावर तिमाहीला ०.१ ते ०.२ येतात. आपल्याकडे एका वर्षात ३० च्या वर जायचं नाही आणि पाच वर्षांची सरासरी २० च्या आत ठेवायची. तेव्हा त्याचं घाबरणं साहजिक होतं.

रेडिएशन सेफ्टी ऑफिसर म्हणून चौकशी करून अहवाल पाठवणं माझं काम, पण आधी सीबीसी हातात घेतला. नुसती टक्केवारी वाचणारा इथेच फसतो. लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ४८ टक्के, म्हणजे २,९०० पैकी सुमारे १,३९०. हजाराच्या वर आहेत, ठीक. न्यूट्रोफिल (दुसरा प्रकार) ४३ टक्के, म्हणजे जेमतेम १,२५०. कमी झाल्या होत्या त्या या.

रेडिएशनमध्ये क्रम उलटा असतो. बऱ्याचशा पेशी विभागणीला गेल्यावर मरतात. लिम्फोसाइट मात्र शांत बसलेली असली तरी डीएनए तुटला की स्वतःलाच संपवते. म्हणून मोठा डोस बसला तर दिवस-दोन दिवसांत आधी लिम्फोसाइट घसरतात, प्लेटलेट तळाला जायला आठवडे लागतात. आणि सीबीसीत एवढं दिसायला अख्ख्या शरीराला एकदम सुमारे ५०० मिलीग्रे (शरीरात शोषलेल्या डोसचं माप) बसावे लागतात. एक्स-रेच्या बाबतीत मिलीग्रे आणि मिलीसिव्हर्ट सारखेच धरायचे. १४.२ त्याच्या तीन टक्केही भरत नाही, तेही तीन महिन्यांत विखुरलेले.

ताप कधीपासून, विचारलं. चौथा दिवस, डोळ्यांच्या मागे ठणका, आणि सिडकोत घराशेजारच्या बांधकामावर पाणी तुंबलेलं. एनएस१ तपासणी पॉझिटिव्ह आली. डेंग्यू. त्याला फिजिशियनकडे पाठवलं आणि बॅजकडे वळलो.

बॅजच्या कार्डात कॅल्शियम सल्फेट डिस्प्रोशियमच्या तीन चकत्या असतात. एकीवर तांबं-ॲल्युमिनियमचं फिल्टर, दुसरीवर प्लॅस्टिकचं, तिसरी उघडी. शिशातून गाळून आलेले किरण कडक (जास्त ऊर्जेचे) असतात, ते धातूचं फिल्टरही बऱ्यापैकी पार करतात. इथे धातूखालच्या चकतीचं रीडिंग प्लॅस्टिकखालच्या चकतीच्या मानाने फारच कमी होतं. म्हणजे मऊ स्कॅटर (विखुरलेले, कमी ऊर्जेचे किरण), थेट पेशंटच्या अंगावरून आलेला, मध्ये शिसं नाही. लॅबमध्ये जाऊन पाहिलं तर बॅज शिशाच्या ॲप्रनच्या बाहेर, गळ्याशी चिमटा लावून. आतल्या खिशाची शिलाई उसवलेली. ॲप्रन दोघा-तिघांत मिळून वापरला जाणारा, बॅज त्याच्यावरच कायमचा. हजेरी काढली. मे महिन्यात हा लग्नासाठी गावी, बॅज मात्र कामावर!

गळ्याशी ॲप्रनवर लावलेल्या बॅजचा आकडा २१ ने भागून प्रभावी डोस काढायची एक मान्य रीत आहे. तसे सुमारे ०.७ मिलीसिव्हर्ट येतात, तेही सगळे त्याचे धरले तर. अधिकृत नोंद मात्र मी बदलत नाही. ॲप्रनवरच्या बॅजचा फोटो, केसेसचं रजिस्टर, हजेरी आणि त्याचा जबाब जोडून अहवाल पाठवला. निर्णय अणुऊर्जा नियामक मंडळाचा.

बरा झाल्यावर त्याने मोबाइलवर वाचलेलं काढलं, "क्रोमोसोम टेस्ट करू का?" ती हेपॅरिनच्या ट्यूबमधल्या रक्तावर होते, लिम्फोसाइट ४८ तास वाढवून डायसेंट्रिक, म्हणजे तुटून चुकीचे जोडले गेलेले, क्रोमोसोम मोजतात. निरोगी माणसातही हजार पेशींमागे एखादा सापडतोच. त्यातून साधारण १०० मिलीग्रेच्या खालचा डोस वेगळा काढता येत नाही.

इम्युनिटीबद्दल सरळ सांगायचं तर १०० मिलीग्रेच्या खाली चित्र स्पष्ट नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत कुठे प्रतिकारशक्ती दबलेली दिसते, कुठे चेतवलेली. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सार समितीने २००६ च्या आढाव्यातही ठाम निष्कर्ष काढलेला नाही. हिरोशिमा-नागासाकीत वाचलेल्यांमध्ये काही दशकांनी सीडी४ पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) कमी आणि दाह दाखवणारी प्रथिनं जास्त आढळली; पण हे बदल ठळक दिसतात ते मोठे डोस बसलेल्यांत. रेडिओथेरपीवाले टाचदुखी किंवा संधिवातासाठी एका वेळी ०.५ ते १ ग्रे देतात आणि त्यालाही 'लो डोस'च म्हणतात. तो डोस दाह कमी करतो, आणि त्याच्या एकाच बैठकीत त्या जागेला या १४.२ च्या पस्तीस ते सत्तर पट बसतं. कुणी लो डोस म्हटलं की मी आधी आकडा आणि शरीराचा भाग विचारतो.

मला चिंता वेगळीच होती. ॲप्रनबाहेरचा आकडा रक्तासाठी फसवा असला तरी डोळ्यांसाठी बराच खरा असतो, कारण डोळ्यांपुढे शिसं नव्हतं. डोळ्याच्या भिंगासाठी आंतरराष्ट्रीय आयोगाची २०११ ची शिफारस पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलीसिव्हर्टची आहे. तिमाहीला १४ म्हणजे वर्षाला ५६. लॅबमधली छतावरून टांगलेली शिशाच्या काचेची ढाल कोपऱ्यात वर ढकललेली होती, कारण सी-आर्म (एक्स-रे यंत्राचा सी आकाराचा हात) फिरवताना ती आड येते. एलएओ व्ह्यूमध्ये (डाव्या बाजूच्या तिरक्या कोनात) एक्स-रे ट्यूब टेबलाशी उभ्या असलेल्यांच्या बाजूला येते आणि स्कॅटर तिथेच सर्वाधिक असतो. ढाल खाली आणून पेशंटच्या छातीला चिकटवायची, हे डॉक्टरांना दोनदा सांगावं लागलं. शिशाच्या चष्म्यांची मागणी त्याच आठवड्यात टाकली, खिसा शिवून घेतला, आणि बॅजचा स्टँड लॅबच्या दाराबाहेर, कंट्रोल कार्डाच्या (तुलनेसाठी ठेवलेलं, कुणीच न वापरलेलं कार्ड) शेजारी लावला.