ट्रान्सफर केस गेला म्हणे!

पाऊस सुरू झाला आणि त्र्यंबक-इगतपुरीकडे चिखल झाला की कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, भाऊ जुनी एसयूव्ही घेतली पण फोर व्हील लागत नाहीये, गॅरेजवाला म्हणतो ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटणारा डबा) गेला, अख्खा बदलावा लागेल. मी म्हणतो थांब जरा. स्कॉर्पिओ २००२ पासून आपल्या नाशकात बनतेय, जुन्या एसयूव्हीवर हात बसलेले मिस्त्री इथे भरपूर आहेत, पण फोर बाय फोरची गाडी रोज कुणाकडे येत नाही, म्हणून मग अंदाजाने थेट सगळ्यात महागडा पार्ट सांगितला जातो. मी पाहिलेल्या बऱ्याच गाड्यांत केसच्या आतलं काहीच गेलेलं नव्हतं.

आधी एक गैरसमज. कॉलेज रोडला डांबरावर फोर एच (फोर व्हील हाय, म्हणजे चारी चाकं नेहमीच्या स्पीडला) टाकून यू टर्न मारला आणि गाडी अडखळली, टायर घासले, स्टिअरिंग जड झालं, तर तो बिघाड नाही, उलट फोर व्हील लागल्याचा पुरावा आहे. पार्ट टाइम सिस्टिममध्ये, म्हणजे गरजेपुरतीच फोर व्हील लावायच्या गाडीत, मधलं डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या स्पीडने फिरू देणारा गिअर) नसतं, पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच स्पीडने फिरतो, आणि वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, मग तो ताण जाणार कुठे? डांबरावर टायर सरकत नाही. म्हणून हा खेळ मातीतच करायचा, गिरणारेकडे द्राक्षबागांच्या कच्च्या रस्त्यावर वगैरे. आणि फोर एच मधून गाडी बाहेर येतच नसेल तर सरळ रेषेत थोडी रिव्हर्स घ्या, ताण सुटला की बहुतेक वेळा आपोआप निघते. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असतील तर हा ताण सरळ चालतानाही साठतो, जुनी गाडी बघताना चारी टायरचा साइज आणि गोटी (नक्षी किती उरलीय) बघायची ती यासाठी.

आता लागतच नसेल तर. नॉबवाली गाडी (डॅशबोर्डवरचं बटण फिरवलं की मोटर फोर व्हील लावते ती) असेल तर इंजिन बंद ठेवून इग्निशन ऑन करा, एकाने नॉब फिरवायचा आणि दुसऱ्याने खाली कान द्यायचा (फोर एल, म्हणजे फोर व्हील लो, कमी स्पीडला जास्त ताकद, त्याला गाडी उभी आणि गिअर न्यूट्रल, नाहीतर घेणारच नाही). मोटरचा आवाजच नाही तर फ्यूज, रिले, वायर, नॉब, नाहीतर मोटरच. मोटर जाम व्हायचं एक कारण म्हणजे आधीच्या मालकाने मागे फोर बाय फोर मिरवलं पण नॉबला वर्षानुवर्षं हात लावलेला नसतो. चिखलाने माखलेल्या गाडीपेक्षा मला अशी चकाचक गाडीच जास्त संशयास्पद वाटते. माझ्या मामेभावाची फोर व्हीलची लाइट ब्लिंक व्हायची, म्हणजे कंट्रोलरला कळत नव्हतं गिअर बसला की नाही, आणि निघालं काय तर मोटरच्या कनेक्टरमध्ये गाळ. साफ केला, चालू. त्याला सांगितलेला खर्च ऐकून मामींनी गाडी विकायचीच ठरवली होती.

मोटर वाजते पण ओढत नाही, तेव्हा जॅक काढा. मातीत फोर एच टाकून गाडी थोडी पुढे घ्या म्हणजे दात बसतात, मग सपाट जागी बंद करून मागच्या चाकांना दगड लावा आणि पुढचं एकच चाक उचला. हाताने ते फिरायला नको. फिरलं आणि सोबत पुढचा शाफ्टही फिरला तर ट्रान्सफर केस जोडत नाहीये. चाक फिरलं पण शाफ्ट जागचा हलला नाही तर केसला दोष देऊ नका, हब (चाकाला एक्सलशी जोडणारा भाग) किंवा पुढच्या एक्सलचं लॉक बघा. इंजिन मात्र अजिबात चालू करायचं नाही, आणि गाडीखाली घुसायचं नाही.

आवाजाचं बोलायचं तर चढाला जोर दिला की फक्त फोर व्हीलमध्ये कडकड येत असेल तर चेन, सायकलची चेन सैल झाली की दात सोडते तसंच. टू एच (साधी टू व्हील) मध्येही स्पीडबरोबर वाढणारी घूंघूं असेल तर बेअरिंग असू शकतं, पण गाडी जागेवरून निघताना एकच ठक्क येत असेल तर आधी शाफ्टचा क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा सांधा) बघा, तो स्वस्तात होतो. फोर एल आपोआप सुटत असेल तर मात्र फोर्क किंवा लिंकेजचं (आतला गिअर सरकवणाऱ्या भागांचं) काम, ते मिस्त्रीवरच सोडा.

ऑइल काढताना आधी वरचा भरायचा बोल्ट उघडतो का ते बघा, मगच खालचा, नाहीतर ऑइल सगळं खाली आणि भरायला जागा नाही. खालच्या बोल्टच्या मॅग्नेटवर राखाडी लगदा चालतो, तुकडे नाही चालत. दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय, नदीनाल्यात गाडी घातली असणार, ब्रीदरही (केसची हवा जायची नळी) तपासा. ऑइल अंदाजाने टाकू नका, चेनवाल्या बऱ्याच केसला एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल) लागतं, काहींना गिअर ऑइल, गाडीचं मॅन्युअल काढा. आणि भरायच्या बोल्टमधून ऑइल भसकन बाहेर आलं, म्हणजे हवं त्यापेक्षा जास्त निघालं, तर खूश होऊ नका, मधलं सील गेलं की गिअरबॉक्सचं ऑइल इकडे येतं, मग लगेच गिअरबॉक्सची लेव्हल बघा, तिकडे कोरडं पडलं असेल.