ऑपरेशन थिएटर ते सभागृह, ६० मीटर

पुण्यातल्या एका रुग्णालयात दुर्बिणीची शस्त्रक्रिया खालच्या मजल्यावरच्या सभागृहात विद्यार्थ्यांना थेट दाखवायची होती. मी पोहोचलो तेव्हा पडद्यावरचं चित्र सारखं येत-जात होतं. आलं तरी त्यात पांढरे ठिपके लुकलुकत होते.

आधीच्या लोकांनी एचडीएमआयच्या दोन लांब केबली जोडून वरून खाली ओढल्या होत्या. "दादा, केबल कोरी आहे, महागातली आहे," संयोजक काकुळतीने सांगत होते. केबल चांगलीच होती, पण एचडीएमआय घरातल्या टीव्हीसाठी बनलेलं आहे. १०८०पी, ६० फ्रेमचं चित्र (म्हणजे फुल एचडी, सेकंदाला ६० चित्रं) त्यातून सेकंदाला सुमारे ४.५ गिगाबिट वेगाने वाहतं. साध्या तांब्याच्या तारेत १०-१५ मीटरच्या पुढे त्याचा भरवसा धरू नये. त्यात मधला सांधा, आणि कुणाचा पाय अडकला तर सहज निसटणारं टोक.

ट्रॉलीमागे कॅमेऱ्याच्या युनिटला तीन प्रकारची आउटपुट होती. डीव्हीआय या आउटपुटवर सर्जनचा मॉनिटर चालू होता. त्याला कुणीही बोट लावायचं नाही, हे मी माझ्या मदतनीस पोरांना आधी बजावलं. सभागृह अंधारात गेलं तर चालेल, सर्जनचा पडदा जाता कामा नये. शेजारी एसडीआयचं, म्हणजे व्यावसायिक व्हिडिओ सिग्नलचं, बीएनसी नावाचं गोल सॉकेट मोकळं होतं. तेच मला हवं होतं. बरेच टीव्ही स्टुडिओ आणि ओबी व्हॅन (बाहेरून थेट प्रक्षेपण करणाऱ्या गाड्या) याच्यावर चालतात. एकच कोॲक्स केबल (केबल टीव्हीला असते तशी), पाव फेरा दिला की टोक जागेवर घट्ट बसतं, आणि समोर कोणता पडदा आहे याची चौकशी न करता सिग्नल निघतो. एसडीआयच्या थ्री-जी या प्रकाराचा वेग सेकंदाला २.९७ गिगाबिट. रंगाचा तपशील एचडीएमआयपेक्षा थोडा कमी जातो, पण चांगल्या केबलवर १०० मीटरच्या आसपास चित्र नीट पोचतं. सभागृहातल्या टोकाला कन्व्हर्टर लावला की प्रोजेक्टरला एचडीएमआय मिळतं.

आमचा केबलचा ड्रम थोडा कमी पडला. पोराने घाईत कॉर्डलेस माइकच्या अँटेनाची केबल पुढे जोडली. तीही काळी, तिलाही बीएनसीच, आणि ती बसलीही. पडदा मात्र पूर्ण काळा. वर शस्त्रक्रियेची तयारी झाल्याचा निरोप आला होता. मी मोबाइलच्या उजेडात केबलच्या सालीवरची छपाई वाचत निघालो. ड्रमवर आरजी-६, म्हणजे ७५ ओहम. जोडलेल्या तुकड्यावर आरजी-५८, म्हणजे ५० ओहम. ओहम, म्हणजे केबलचा सिग्नलला होणारा विरोध, दोन्हीकडे जुळला नाही की सांध्यावर सिग्नलचा काही भाग उलटा फिरतो, आणि बारीक आरजी-५८ उरलेला पुष्कळसा गिळते. डिजिटल चित्र हळूहळू धूसर होत नाही; अगदी काठावर ठिपके लुकलुकतात. मर्यादा ओलांडली की सरळ नाहीसं होतं.

गाडीतून आरजी-६ चा तुकडा आणवून जोडला आणि पित्ताशय पडद्यावर लख्ख दिसलं. विद्यार्थी पुढच्या रांगांकडे सरकले. मी कन्व्हर्टरपाशी बसून राहिलो. चित्र शेवटपर्यंत एकदाही हललं नाही. सामान आवरताना ५० ओहमच्या प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळून घेतली.