लॉगबुक, १६ तास २० मिनिटं: वारा पालटला, धावपट्टी पालटली

मी विमान उडवायला शिकतोय. ११ तासांच्या उड्डाणानंतरच्या नोंदीत मी लिहिलं होतं की लँडिंग जमायला लागलंय. नंतरच्या पाच तासांनी दाखवून दिलं की जमलं होतं ते फक्त एका बाजूने. तेच आज सविस्तर लिहितो, कारण शिकायला लागलेला प्रत्येक जण या वळणावर कधी ना कधी येतोच.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: बेळगावच्या उद्यमबागेत माझं लेथचं काम आहे आणि शनिवार-रविवारी सकाळी सांबऱ्याच्या विमानतळावर सेसना १७२ या छोट्या विमानावर शिकतो. मला प्रायव्हेट पायलट लायसन्स हवंय. त्याला किमान ४० तास लागतात. नोकरीसाठी कमर्शियल करणाऱ्या पोरांना २०० तास भरावे लागतात. त्याआधी क्लास २ मेडिकल आणि स्टुडंट पायलट लायसन्सची परीक्षा. कागदपत्रांना वेळ लागतो, तो धरून चाला.

सांबऱ्याची धावपट्टी २,३०० मीटर लांब. हा तळ ब्रिटिश हवाई दलाने १९४२ मध्ये बांधला. हवाई दलाची एअरमेन ट्रेनिंग स्कूल आजही शेजारीच आहे. पट्टी एकच, पण तिला नावं दोन. पश्चिमेकडे तोंड करून उतरलात तर २६, पूर्वेकडे तर ०८, कारण होकायंत्रावर त्या दिशा साधारण २६० आणि ८० अंशांच्या. विमान वाऱ्याच्या समोरून चढतं आणि वाऱ्याच्या समोरूनच उतरतं. पावसाळा संपता संपता मी सुरुवात केली तेव्हा वारा पश्चिमेचा होता, म्हणून पहिले ११ तास सगळं २६ वरच झालं.

२६ मला पाठ झाली होती. टेकऑफनंतर डावीकडे दक्षिणेला वळलो की समोर उजवीकडे हलग्याची सुवर्ण विधानसौध पांढरी चमकायची आणि हवा स्वच्छ असली तर तिच्याही मागे येळ्ळूरचा राजहंसगड. मग पूर्वेकडे डाउनविंड, म्हणजे पट्टीला समांतर पण उलट दिशेने, उंची ३,५०० फूट. सांबराच मुळात समुद्रसपाटीपासून जवळजवळ २,५०० फुटांवर आहे, म्हणून जमिनीपासूनचे १,००० फूट अल्टिमीटरवर ३,५०० दिसतात. पुढे एक पत्र्याची शेड आली की बेससाठी, म्हणजे पट्टीकडे नेणाऱ्या आडव्या टप्प्यासाठी, वळायचं. चिंचेच्या झाडाशेजारच्या विहिरीवर आलो की उंची नेमकी असायची. उतरणं गुळगुळीत होत होतं आणि मी खूश होतो.

दिवाळीनंतर वारा पूर्वेचा झाला आणि टॉवरने ०८ दिली. आता शेडही नाही, विहीरही नाही. सर्किट, म्हणजे पट्टीभोवतीचा फेरा, उत्तरेच्या बाजूने, खाली सुळेभावीकडे जाणारी रेल्वे, आणि फायनलवर, म्हणजे पट्टीच्या सरळ रेषेत उतरताना, सकाळचा सूर्य जरा उजवीकडून थेट डोळ्यांत. पहिल्या वेळी मी फारच उंच राहिलो. दुसऱ्या वेळी बेससाठी उशिरा वळलो. तिसऱ्या वेळी जमिनीपाशी नाक जास्त उचललं, विमान फुग्यासारखं वर गेलं आणि सरांनी थ्रॉटल (इंजिनाची ताकद) पूर्ण पुढे ढकलून गो-अराउंड केला, म्हणजे न उतरता विमान पुन्हा वर नेलं. त्या दिवशी घरी जाताना गाडीत रेडिओ लावला नाही.

माझे प्रशिक्षक वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहेत. मी त्यांना सर म्हणतो, ते मला दादा म्हणतात. खाली उतरल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘दादा, उतरताना कुठं बघत होतात?’’

‘‘धावपट्टीकडे.’’

‘‘धावपट्टीच्या कुठल्या भागाकडे?’’

मला सांगता आलं नाही. २६ वर मी पट्टीकडे बघतच नव्हतो, शेडकडे आणि विहिरीकडे बघत होतो.

मग दोन दिवस आम्ही एवढंच केलं. डाउनविंडवर पट्टीचं टोक खांद्यामागे ४५ अंशांवर गेलं की बेस, खाली काहीही असो. फायनलवर टेकायची जागा काचेत एका ठिकाणी धरायची. ती काचेत वर सरकू लागली तर आपण अलीकडेच पडणार, खाली सरकू लागली तर पलीकडे जाणार, आणि स्थिर राहिली तर तिथेच पोचणार. वेग ६५ नॉट, तो नाकाने सांभाळायचा आणि उतार थ्रॉटलने. पट्टीवर आलो की नजर समोरच्या डांबरावरून उचलून थेट दूरच्या टोकाला न्यायची. जवळ बघितलं की जमीन अंगावर धावून येते आणि हात आपोआप मागे ओढला जातो. माझं विमान फुगलं ते त्यामुळेच. दूर बघितलं की आपण किती सावकाश खाली बसतोय हे कडेच्या नजरेला कळतं.

लेथवर काम करणाऱ्यांना एक सांगतो: योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, दोन बोटांनी धरा, शेवटचा बारीक कट घेताना हॅंडल धरतो तसं. मूठ आवळली की ट्रिम (योकवरचा जोर कमी करणारी सोय) काय सांगतंय ते हाताला कळत नाही. हे मला नवव्या तासाला उमगलं, पहिल्याच तासाला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

ऑक्टोबरमधली एक गोष्ट राहिली होती. दुपारी ३१ अंशांत टेकऑफ घेतला आणि विमान उठेचना असं वाटलं. रोटेशन, म्हणजे नाक उचलणं, नेहमीसारखंच ५५ नॉटला, पण तिथवर पोचायला पट्टी कितीतरी जास्त लागली. गरम हवा विरळ असते, म्हणून विमान आणखी उंचावर असल्यासारखं वागतं. हिशेब असा: या उंचीवर प्रमाण तापमान साधारण १० अंश. त्याहून २१ अंश जास्त, दर अंशाला १२० फूट, म्हणजे अंदाजे २,५०० फूट आणखी. विमानाच्या लेखी आपण ५,००० फुटांवरून, महाबळेश्वरापेक्षाही उंचावरून उडत होतो. आपल्याकडे शिकायचं तर सकाळचीच वेळ मागा.

आणि प्रीफ्लाइटमध्ये, म्हणजे उड्डाणाआधीच्या तपासणीत, टाकीतून काढलेलं निळं इंधन उजेडात धरून बघायला कंटाळू नका. पाणी असेल तर तळाशी वेगळा थेंब दिसतो. दमट रात्रीनंतर अर्ध्या भरलेल्या टाकीत ते साठू शकतं.

वाट बघणंही शिकण्याचाच भाग आहे. दृश्यमानता ५ किलोमीटरच्या खाली असली की उड्डाण नाही. प्रवासी विमान येत असलं की थांबा. धुक्यामुळे माझे दोन रविवार चहावर गेले, पण त्या वेळात हवामानशास्त्राचं पुस्तक अर्धं वाचून झालं.

काल ०८ वर सहा लँडिंग. वारा उजवीकडून थोडा तिरका, ६ नॉट. पहिल्या दोन्ही वेळा मध्यरेषेच्या डावीकडे टेकलो. पुढच्या चारही वेळा सरांचे हात मांडीवरच होते आणि सहाव्यानंतर टॅक्सी करताना ते म्हणाले, ‘‘पुढच्या शनिवारी मोठ्या सरांबरोबर सोलो चेक ठेवू या.’’ म्हणजे एकट्याने उडायला सोडण्याआधीची चाचणी.

लँडिंगची एकूण संख्या ५८. त्यातली १७ धावपट्टी ०८ वर.