हातावरचं प्रूफ

दुपारची जेवणं आटोपून मी प्रुफं घेऊन बसते, तेव्हा फोन लांब ठेवायचा असं ठरलेलं आहे. ठरलेलंच आहे नुसतं. परवा भाचीचा निरोप आला, सोबत फोटो. "मावशी, पटकन सांग, बरोबर आहे ना? शनिवारी टॅटू करून घेतेय." फोटोत जांभळ्या शाईची वळणदार अक्षरं होती : 'स्थीतप्रज्ञ'.

पोटात खड्डाच पडला माझ्या. 21 वर्षांची पोर, मांजर दोन दिवस घरी आलं नाही तर जेवण सोडते, तिला मनगटावर हाच शब्द का हवा, हा प्रश्न नंतरचा. आधी ती वेलांटी. पुस्तकात चूक राहिली तर शुद्धिपत्र चिकटवता येतं, पुढच्या आवृत्तीत गुपचूप सुधारता येतं. मनगटाची पुढची आवृत्ती निघत नाही. लेझरनं पुसतात म्हणे, पण एका वेलांटीसाठी किती खेपा घालायच्या? "थांब," मी लिहिलं. "त्या माणसाकडे जायचं नाही. मी येते."

मग तीन दिवस आम्ही पुण्यात गोंदणारे बघत हिंडलो. आमच्या घरात स्थळंसुद्धा इतकी बघितली नव्हती. भाची तशी शहाणी. सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडतात का, शाई दर वेळी नव्या टोपणात ओततात का, हातमोजे बदलतात का, सगळं विचारायची. मी एवढंच करायचे, पर्समधून कागद काढून पुढे सरकवायचे. "जरा 'आशीर्वाद' लिहून दाखवता?"

पहिल्यानं 'आर्शिवाद' लिहिलं. त्याच्या भिंतीवर कुणाच्या तरी पाठीचा फोटो होता, त्यातही आईचा आर्शिवादच होता, चांगला वीतभर. दुसऱ्यानं मोबाइलमध्ये टाइप केलं आणि मोबाइलनं त्याला तारलं. माझ्या लेखी ही कॉपी. भाची दाराबाहेर येऊन म्हणाली, "मावशी, तू माझी अब्रू घालवतेयस."

खरं तर ही खोड मला गोंदणापासूनच लागली. मी पहिलीत होते. आजी ओट्यावर पाय पसरून तांदूळ निवडायची आणि मी तिच्यासमोर मांडी घालून बसायचे. तिच्या हनुवटीवर तीन ठिपके, डाव्या हातावर तुळशीवृंदावन, शेजारी विंचू, आणि त्याखाली तीन अक्षरं. ती अक्षरं समोरच्याला सुलट दिसायची, तिला स्वतःला उलटी. वाचायला येत नसल्यामुळे तिचं काही अडलं नव्हतं. लहानपणी शिंगणापूरच्या यात्रेत गोंदून घेतलेली. गोंदणारणीलाही अक्षरओळख नव्हती. यात्रेतल्या कुणा शिकलेल्या पोरानं शाईनं आधी काढून दिली, आणि तिनं दोऱ्यानं बांधलेल्या सुया काजळीत बुडवून ती तशीच टोचत नेली. आजी रडू नये म्हणून गाणंही म्हणत होती. गाणं कुठलं ते आजीला आठवायचं नाही, आपण रडलो एवढं आठवायचं.

ती अक्षरं हिरवट पडून फुगली होती, 'ग'ची काठी आणि पोट एक झालेलं. तरी मी बोट ठेवून वाचली. स, गु, ना. आणि पहिलीतल्या पोरीच्या तोऱ्यात म्हणाले, "आजी, तुझं नाव चुकलंय. बाणातला ण पाहिजे."

आजीनं तांदळातला खडा काढून अंगणात भिरकावला. "माझी माय सगुनाच म्हनायची," ती म्हणाली. "तुझ्या मास्तरनं कधी हाक मारली व्हती मला?"

लग्नात तिचं नाव पालटून पार्वती केलं होतं, ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहून. पुढे रेशनकार्डावर, सातबाऱ्यावर सगळीकडे पार्वतीच. सगुना तेवढी हातावर राहिली. मेल्यावर माणसाबरोबर गोंदण तेवढं येतं, असं ती म्हणायची. त्या हिशेबानं वर ती माहेरच्या नावानंच गेली असणार.

असो. तिसरा गोंदणारा कोलकात्याचा निघाला. माझा कागद बघून हसला आणि सरळ म्हणाला, मराठी मला येत नाही, तुम्ही लिहून द्या, मी रेघ न् रेघ तशीच उतरवतो. अर्धे गुण मी तिथेच दिले. बाकीच्यांनी कालपरवाच्या कामाचे चकचकीत फोटो दाखवले होते. यानं पाच-सहा वर्षं जुन्या हातांचे दाखवले. मग भाचीचं मनगट उलटंसुलटं करून म्हणाला, एवढ्याशा जागेत हा शब्द मी करणार नाही. शाई कातडीत हळूहळू पसरते. आज छान दिसेल, काही वर्षांनी त्या 'ज्ञ'चं पोट भरून नुसता डाग उरेल. शब्द तरी छोटा करा, नाही तर जागा मोठी घ्या. गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस मला आवडतो. माझ्या धंद्यात तेवढंच जमत नाही.

आत कुणाच्या तरी दंडावर काम चाललं होतं, यंत्र भुंग्यासारखं गुणगुणत होतं. त्याचं पेटंट न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ'रायलीनं 1891 साली घेतलं, आणि मूळ कल्पना एडिसनच्या विजेच्या लेखणीची. ती लेखणी कागदाला बारीक भोकं पाडायची, मजकुराच्या प्रती काढता याव्यात म्हणून. म्हणजे हे यंत्र आमच्या छापखान्याच्याच भावकीतलं. तेवढ्यावरून मला त्या दुकानाबद्दल एकदम आपुलकी वाटली.

शनिवारी भाची एकटीच गेली. मला मुद्दाम चुकीची वेळ सांगितली होती. रविवारी आली ती मनगटावर पारदर्शक पट्टी लावून. तिचे बाबा धुसफुसत होते, आता 12 महिने हिला रक्तदान करता येणार नाही म्हणून. दर वाढदिवसाला बापलेक जोडीनं जातात.

पट्टीखाली अक्षर नव्हतं. बोटाच्या पेराएवढं मांजर होतं, पाय पोटाशी घेऊन बसलेलं.

"आणि स्थितप्रज्ञ?"

"हेच की," ती म्हणाली. "बघ ना त्याच्याकडे."

मी चष्मा लावला. मांजर खरंच सुरेख होतं. डावीकडे तीन मिशा, उजवीकडे दोन. मी पुन्हा मोजल्या.

मग चहा टाकायला उठले.