नेथन ॲपल्टनच्या मागावर : बॉस्टन, वॉल्टहॅम, लोवेल

बॉस्टन कॉमनसमोर, ३९ बीकन स्ट्रीटला नेथन ॲपल्टनचं (१७७९–१८६१) घर अजून उभं आहे. न्यू हॅम्पशायरच्या न्यू इप्सविचमधून आलेला हा मुलगा आयात मालाचा व्यापारी झाला, मग गिरणीमालक आणि १८३१ मध्ये अमेरिकन काँग्रेसचा सदस्य. घर खासगी असल्याने बाहेरूनच पाहावं लागतं. तिथे फार वेळ घालवू नये. माणूस समजतो तो गिरण्यांत.

वॉल्टहॅमला जायला नॉर्थ स्टेशनवरून फिचबर्ग लाइनची गाडी घ्यावी. चार्ल्स नदीकाठच्या जुन्या गिरणीत आता उद्योग-संग्रहालय आहे. ही गिरणी काढणाऱ्या फ्रान्सिस कॅबट लोवेलने ॲपल्टनकडे १०,००० डॉलर मागितले. धंदा चालेल याची खात्री नसल्याने ॲपल्टनने ५,००० च घातले. १८१४ मध्ये इथे यंत्रमाग फिरू लागले आणि कापूस ते कापड सगळं एकाच आवारात होऊ लागलं. कापड पहिल्यांदा खपेना. तेव्हा ॲपल्टनच्या पेढीने एक टक्का दलालीवर विक्री अंगावर घेतली. व्यापारी म्हणून त्याची खरी कामगिरी मला ही वाटते.

आपल्याला भिडणारा भाग १८१६ च्या जकात कायद्याचा. कापसाच्या कापडावर जकात २५ टक्के. पण चौरस वाराला २५ सेंटांपेक्षा स्वस्त कापड २५ सेंटांचंच धरायचं. म्हणजे किमान सव्वासहा सेंट जकात. ८ सेंटांच्या भारतीय मांजरपाटावर ती ७८ टक्के पडते, महागड्या कापडावर मात्र २५ च. कलकत्त्याहून येणारा स्वस्त माल अशाने अडला. हे कलम लोवेलने पटवून घेतलं आणि त्याचा फायदा वॉल्टहॅमच्या जाड्याभरड्या कापडाला झाला. काँग्रेसच्या १८३० च्या निवडणुकीत ॲपल्टनसमोर उभा होता हेन्री ली, कलकत्त्याच्या व्यापारात मुरलेला आणि जकातीचा विरोधक. ली हरला.

लोवेल गावासाठी मात्र पूर्ण दिवस ठेवा. नॉर्थ स्टेशनवरून पाऊण तासाची गाडी. शनिवार-रविवारी गाड्या कमी असतात. मेरिमॅक नदी इथे ३२ फूट उतरते. हा उतार हेरून ॲपल्टन आणि भागीदारांनी १८२१ मध्ये आसपासच्या जमिनी आणि जुना पॉटकेट कालवा गाजावाजा न करता विकत घेतला. १८२३ मध्ये पहिली गिरणी सुरू झाली. ज्याचं नाव गावाला दिलं तो लोवेल १८१७ मध्येच वारला होता. वसंतात नदीला पूर आला की खालचं पाणी चढून गिरणी फिरवणाऱ्या पाणचाकांना अडवायचं आणि माग मंदावायचे. कालव्यातल्या बोटी फक्त हंगामात चालतात, आधी चौकशी करावी.

बूट कॉटन मिल्सच्या तळमजल्यावर माग चालवून दाखवतात. ते विसाव्या शतकातले आहेत, ॲपल्टनच्या काळचे नव्हेत. कानात बोळे घालूनच आत जा. धोटा आदळताना जमीन हादरते. हवा कोरडी पडली की ताण्याचे धागे तुटतात, म्हणून त्या काळी खिडक्या बंद ठेवत. गिरणीत काम करणाऱ्या मुली त्या दमट धुळीत दिवसभर उभ्या असत. आणि कापूस यायचा दक्षिणेतून, गुलामांनी वेचलेला. गुलामगिरीचा विरोधक असलेल्या चार्ल्स समनरने १८४८ मध्ये याच नात्यावर बोट ठेवलं तेव्हा ॲपल्टन दुखावला आणि दोघांची जुनी मैत्री तुटली.