एकाच वायरमधून छत्री आणि अँटेना दोन्ही, माझा अनुभव

इंग्लंडमधे मिल्टन कीन्सला घर घेतलं तेव्हा माळ्यावरून हॉलमधे भिंतीतून एकच वायर आलेली होती आणि आम्हाला फ्रीसॅटचा (छत्रीवरून म्हणजे डिशवरून मिळणारी फुकट चॅनल) रेकॉर्डर पण लावायचा होता आणि टीव्हीतलं फ्रीव्ह्यू (साध्या अँटेनावर मिळणारी फुकट चॅनल) पण हवं होतं. छत्रीच्या एका वायरवर एक चॅनल रेकॉर्डिंगला लावलं की दुसरं मनासारखं बघता येत नाही, समान बँड आणि पोलरायझेशन असलेलीच, म्हणजे उपग्रहाच्या सिग्नलच्या त्याच गटातलीच चॅनल मिळतात. आईबाबा राहायला आले की एक रेकॉर्ड करायचं, एक बघायचं, हे रोजचंच. भिंत फोडायची तयारी नव्हती.

उपाय म्हणजे डिप्लेक्सर. छोटी डबी असते, दोन घ्यायच्या, एक माळ्यावर जिथे छत्री आणि अँटेनाच्या वायरी एकत्र येतात तिथे आणि दुसरी टीव्हीमागे, म्हणजे वर जोडलेलं खाली परत सुटं होतं. हे चालतं कारण दोघांच्या फ्रीक्वेन्सी एकमेकांत येत नाहीत, इकडचं फ्रीव्ह्यू २०२० पासून ४७० ते ६९४ मेगाहर्ट्झमधे आहे आणि एलएनबी (छत्रीच्या तोंडाशी असलेला सिग्नल पकडणारा डबा) उपग्रहाच्या सिग्नलची फ्रीक्वेन्सी खाली आणून ९५० ते २१५० मधे देतो. साधा स्प्लिटर मात्र अजिबात लावू नका, त्यात सिग्नल वाया जातो आणि शिवाय रेकॉर्डर एलएनबीला त्याच वायरमधून १३ किंवा १८ व्होल्ट पाठवत असतो, तो करंट छत्रीच्या बाजूलाच जायला हवा आणि अँटेनाच्या बाजूला अडायला हवा.

आमच्याकडे खरी गोची इथेच होती. अँटेना सँडी हीथच्या टॉवरकडे वळवलेला, त्याला माळ्यावर बूस्टर, आणि बूस्टरची पॉवर टीव्हीमागून याच वायरने वर जायची. डिप्लेक्सर बसवल्यावर ती पॉवर वर पोचणारच नाही, म्हणून बूस्टरचा अडाप्टर माळ्यावर नेला आणि डिप्लेक्सरच्या अलीकडे, अँटेनाच्या वायरवरच जोडला, माळ्यावर प्लगपॉइंट होता म्हणून बरं.

दुसरं म्हणजे छत्रीवर आधीच्या लोकांचा स्काय क्यूचा (पैसे भरून घ्यायची डिश सेवा) वाइडबँड एलएनबी होता. तो २९० ते २३४० मेगाहर्ट्झ देतो म्हणजे फ्रीव्ह्यूच्या पट्ट्यावरच येऊन बसतो, त्याच्यासोबत डिप्लेक्सर चालूच शकत नाही आणि साध्या फ्रीसॅट बॉक्सला तो तसाही चालत नाही. एलएनबी बदलून साधा युनिव्हर्सल लावून घेतला, शिडीवरचं काम असल्यामुळे माणूस बोलावला, तो म्हणत होता बाहेरून दुसरी वायर टाका, पण एलएनबी बदलून दिला त्याने.

एफ कनेक्टर (वायरच्या टोकाला लावायचा स्क्रूचा जोड) लावताना वायरच्या बाहेरच्या जाळीचा एकही तंतू मधल्या तारेला टेकू देऊ नका, व्होल्टेज शॉर्ट होतो आणि छत्रीची सगळी चॅनल जातात. वायर जुनी असेल तर वरच्या फ्रीक्वेन्सीची चॅनल आधी तुटायला लागतात, आमची सुदैवाने तांब्याची डबल शील्डची निघाली. आणि जोडण्याआधी दोन्ही सिग्नल एकेक करून त्याच वायरवर तपासून घ्या, आम्ही तसंच केलं म्हणून नंतर कुठे शोधाशोध करावी लागली नाही.

आता रेकॉर्डर एकीकडे रेकॉर्ड करत असतो आणि आईबाबा फ्रीव्ह्यूवर त्यांचं बघत बसतात. मात्र रेकॉर्डरला छत्रीचा फीड एकच मिळतो, त्यामुळे मनाला येतील ती कुठलीही दोन चॅनल एकदम रेकॉर्ड करायची असतील तर त्याला छत्रीची दुसरी वायर लागेलच, डिप्लेक्सरने ते होत नाही.