जळगाव ते अंदमान: स्कूबाचं सामान केबिन बॅगेत नेताना

जळगावहून उडणारी विमानं एटीआर ७२ जातीची, म्हणजे छोटी, पंख्यांची. वरचे कप्पे अरुंद, त्यामुळे मोठ्या विमानात आरामात मावणारी ट्रॉली इथे शिडीपाशीच काढून घेतात आणि खाली विमानाच्या पोटात ठेवतात. म्हणून रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र), डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं मनगटी यंत्र) आणि बॅटऱ्या बॅगेतच एका वेगळ्या पिशवीत भरा. ट्रॉली मागितली की पिशवी उचलायची आणि सीटखाली सरकवायची. सुट्या लिथियम बॅटऱ्या खाली जाऊ द्यायच्याच नाहीत, नियमच तसा आहे.

देशांतर्गत इकॉनॉमीत केबिनची मर्यादा बहुतेक ठिकाणी ७ किलो. ऑक्टोपस (तोंडात धरायचा जादा तुकडा) आणि गेजसह (हवेचा दाब दाखवणारा काटा) रेग्युलेटर ३ किलोच्या आसपास, डबीसह मास्क अर्धा किलो, टॉर्च-बॅटऱ्या आणि कॉम्प्युटर मिळून आणखी पाऊण. कडक ट्रॉली रिकामीच अडीच-तीन किलो भरते, म्हणजे कपड्यांना जागाच उरत नाही. किलोभराची साधी सॅक घ्या. मुंबईत विमान बदलणार असाल आणि दोन कंपन्यांची वेगवेगळी तिकिटं असतील तर तिथे सामान पुन्हा काट्यावर चढतं. दोन्हींपैकी कमी मर्यादा धरूनच घरून निघा.

रेग्युलेटर भरताना घाई नको. डस्ट कॅप, म्हणजे हवा आत येते त्या तोंडावरचं झाकण, कोरडी करून घट्ट बसवा. होजचं (नळीचं) वेटोळं साधारण ३० सेंटिमीटर व्यासाचं ठेवा. होज मोडते ती फर्स्ट स्टेजला (सिलिंडरवर बसणारा भाग) जिथे जोडलेली असते तिथेच, म्हणून तिथे बाक येऊ देऊ नका. सेकंड स्टेजला (तोंडात धरायचा भाग) श्वासाचा ताण बदलायची चकती असेल तर ती पूर्ण सैल करून ठेवा. आवळलेली राहिली तर आतल्या मऊ सीटवर खाच पडते आणि पहिल्याच डाइव्हला हवा फुसफुसत बाहेर येते. पर्जचं (हाताने हवा सोडायचं) बटण दाबलं जाणार नाही असं वर टी-शर्ट गुंडाळा.

एक्स-रेमध्ये हे सगळं नळ्या आणि पितळेचा गोळा दिसतं, बॅग उघडायला लावतात. पिशवी आधीच वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा आणि ‘पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र’ एवढंच सांगा. डायव्हिंगचं कार्ड वरच्या खिशात असलं की बोलणं लवकर आटोपतं. अ‍ॅलन की, स्क्रू ड्रायव्हर, पाना, सुरी मात्र चेक-इनमध्येच. खान्देशी माणसाच्या बॅगेत हटकून असणारी तिखटाची पुडीसुद्धा तिकडेच. केबिनमध्ये तिखट चालत नाही.

टॉर्चमधून बॅटरी काढून घ्या. ताकदवान डाइव्ह टॉर्चला पाण्याचा गारवा लागतो. बॅगेत चुकून पेटला तर कापड करपवतो. १८६५० जातीचा ३.७ व्होल्ट, ३.४ अँपिअर-तासाचा सेल म्हणजे सुमारे १२.६ वॉट-तास, आणि परवानगीशिवाय १०० पर्यंत चालतं. प्रत्येक सेल प्लॅस्टिकच्या डबीत, नाहीतर टोकांना चिकटपट्टी.

बीसीडी (तरंगण्यासाठी हवा भरायचं जाकीट), ३ मिलिमीटरचा वेटसूट (ऊब देणारा रबरी पोशाख), बूट आणि फिन्स (पायात घालायचे पर) चेक-इनच्या १५ किलोंत बसतात. लांब फिन्स ५५ सेंटिमीटरच्या केबिन बॅगेत तशाही मावत नाहीत. बुडण्यासाठी कमरेला बांधायचं शिसं आणि सिलिंडर नेऊ नका, दोन्ही स्वराज द्वीपवर (अंदमानातलं पूर्वीचं हॅवलॉक बेट) मिळतात. रेग्युलेटर सिलिंडरला जोडायचे दोन प्रकार: आट्यांनी बसणारा डिन आणि कडीने आवळणारा योक. तुमचा डिन असेल तर योक अ‍ॅडॉप्टर जवळ ठेवा आणि सिलिंडरला कुठला व्हॉल्व्ह आहे ते आधी फोन करून विचारा.

नंदुरबारकरांना जळगावपेक्षा रेल्वेने सुरत सोयीचं. जळगावचं विमान रद्द झालं तर भुसावळ-जळगावहून रात्रीची मुंबई गाडी आहेच, पण मग पुढचं विमान दुपारनंतरचं हवं.

परतीचं तिकीट काढतानाच शेवटच्या डाइव्हचा हिशेब करा. एकच साधी डाइव्ह असेल तर उड्डाणाआधी किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस असतील तर किमान १८. डीकॉम्प्रेशन थांबे (अंगातला नायट्रोजन निघून जावा म्हणून वर येताना थांबणं) घ्यावे लागले असतील तर त्याहून बरंच जास्त. आमच्या मते सरसकट २४ तास धरावेत. विमानाच्या केबिनमधला दाब सुमारे २,४०० मीटर उंचीइतका उतरतो, आणि अंगात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे व्हायला तेवढं पुरतं. स्वराज द्वीपहून श्री विजय पुरमची (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) बोट समुद्रसपाटीवरूनच जाते, तिला ही अट नाही.

तो मोकळा दिवस सामान वाळवण्यात घालवा. ओला वेटसूट सहज किलोभर जड होतो आणि काउंटरवर त्याचेच पैसे लागतात. बीसीडीच्या आतलं पाणी उलटं धरून काढा, आत गोडं पाणी घालून खळखळवा. बूट सगळ्यात शेवटी वाळतात, ते वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये बांधा. आणि जळगावात उतरल्यावर, एप्रिल-मे असेल तर, सामान गाडीच्या डिकीत विसरू नका: बाहेर पारा ४५ ला टेकलेला असताना बंद डिकीत मास्कची कड वाकडी होते आणि बॅटऱ्या खराब होतात.